विस्तारा–एअर इंडिया विलीनीकरण : परतीच्या प्रवासाची दोन तिकिटे आपोआप एक होतील का?

विश्रामबागकर (सांगली) — १४ सप्टेंबर २०२४

नमस्कार मंडळी. मी सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. आमची मुलगी जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या डार्मश्टाटला राहते आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिचे बाळंतपण आहे. त्यामुळे भाऊबीज आटोपून ६ नोव्हेंबरला मी आणि माझे यजमान निघणार आहोत आणि ३१ जानेवारीला परत फिरणार आहोत. साताऱ्याचे माझे दीरही जाताना आमच्याबरोबर येतील; ते मात्र तीनच आठवडे राहतील आणि त्यांचे तिकीट अजून काढायचे आहे.

आमची दोघांची तिकिटे मे महिन्यात इथल्याच एका दुकानातून काढली. त्या वेळी दुकानदारांनी सांगितले की सगळा प्रवास विस्ताराचा आहे, फक्त परत येताना दिल्ली ते पुणे हा शेवटचा टप्पा एअर इंडियाचा आहे, कारण तो वेळेला सोयीचा आणि थोडा स्वस्त पडला. ‘नाहीतरी दोन्ही कंपन्या टाटांच्याच आहेत आणि आता एकच होणार आहेत, काळजी करू नका,’ असेही ते म्हणाले. आम्ही काळजी केली नाही.

आता वर्तमानपत्रात वाचले की विस्ताराने ३ सप्टेंबरपासून १२ नोव्हेंबर आणि त्यानंतरच्या प्रवासाची विक्री थांबवली आहे, ११ नोव्हेंबरला विस्ताराच्या नावाने शेवटची विमाने उडतील आणि त्यानंतरचे सारे एअर इंडियाचे असेल. म्हणजे आम्ही जाऊ विस्ताराने आणि येऊ एअर इंडियाने. यावरून काल रात्री कागद काढून बसले, तेव्हा प्रथमच लक्षात आले की आमच्याकडे दोन वेगवेगळे कागद आहेत, त्यांवर दोन वेगळे पीएनआर आहेत आणि दिल्ली–पुणे टप्पा दुसऱ्या कागदावर एकटाच आहे. १ फेब्रुवारीच्या सकाळी दिल्लीत उतरल्यावर पुढच्या विमानाला दोन तास चाळीस मिनिटे आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. कंपन्या एक झाल्यावर ही दोन आरक्षणे आपोआप एकत्र होतील का? फ्रँकफुर्टहून निघणारे विमान उशिरा आले आणि पुण्याचे विमान सुटले, तर दोन्ही विमाने एकाच कंपनीची असल्यामुळे ती कंपनी आम्हाला पुढच्या विमानात बसवील का? आणि दिरांचे तिकीट आज काढायचे तर ते कोणाकडून आणि कसे काढावे? यजमानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने त्यांच्यासाठी चाकाच्या खुर्चीची नोंद केलेली आहे, हेही सांगून ठेवते.

यवतेश्वर (सातारा) — १५ सप्टेंबर २०२४

ताई, नमस्कार. मी बावीस वर्षे विमान-तिकिटांच्या काउंटरवर काढली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. कंटाळा येईल, पण आपल्या बाबतीत घाईने दिलेले उत्तर महागात पडेल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कंपन्या एक झाल्या म्हणून तिकिटे एक होत नाहीत. पीएनआर ही केवळ आरक्षणाच्या नोंदीची खूण असते. तो बदलू शकतो, दोन पीएनआर एकमेकांशी जोडलेही जातात आणि एकाचे दोनही होतात. प्रवाशाचा खरा हक्क असतो तो तिकिटावर, म्हणजे तेरा आकडी ई-तिकीट क्रमांकावर. त्या क्रमांकाचे पहिले तीन आकडे तिकीट कोणत्या कंपनीच्या नावावर निघाले ते सांगतात : विस्ताराचे २२८, एअर इंडियाचे ०९८. त्या तिकिटात प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यासाठी एक कूपन असते. पूर्वी ही कूपने खरोखरच कागदाची असत, लाल कार्बन लावलेल्या पुस्तिकेतली, आणि काउंटरवरचा माणूस एकेक फाडून घेत असे; आज ती संगणकात असतात, पण तर्क तोच आहे. दिल्ली–पुणे हे कूपन जर त्याच पुस्तिकेत असेल, तर आपल्याला पुण्यापर्यंत पोहोचवण्याचा करार झालेला आहे. ते दुसऱ्या पुस्तिकेत असेल, तर पहिला करार दिल्लीच्या विमानतळावर संपतो. दुसऱ्या पुस्तिकेच्या दृष्टीने आपण कुठून आलात, जर्मनीतून की रोहतकहून, याला काही महत्त्व नाही. ठरलेल्या वेळेत काउंटरवर आला नाहीत, तर आपण ‘नो शो’, म्हणजे न आलेला प्रवासी.

काउंटरवरचा माणूस समजूतदार असला आणि पुढच्या विमानात जागा असली तर तो बसवून देईलही. मीही कितीदा दिले आहे. पण ती माणुसकी असते, तो आपला हक्क नसतो, आणि फेब्रुवारीच्या धुक्यात दिल्लीत एकाच वेळी दोनशे माणसांची विमाने चुकलेली असताना त्या माणुसकीच्या भरवशावर राहू नये.

आता विलीनीकरणाविषयी. दोन कंपन्यांचे कायदेशीर एकत्र येणे आणि त्यांच्या आरक्षणाच्या यंत्रणा एकत्र येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुष्कळदा त्यांच्या तारखाही वेगळ्या असतात. आपल्याकडे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ साली एक झाल्या, तरी ‘आयसी’ हा इंडियन एअरलाइन्सचा संकेत २०११ पर्यंत तिकिटांवर चालू होता. अमेरिकेत युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल यांचे विलीनीकरण ऑक्टोबर २०१० मध्ये झाले, आरक्षणाची यंत्रणा मात्र मार्च २०१२ मध्ये एक झाली. अमेरिकन आणि यूएस एअरवेज यांनी त्यावरून धडा घेतला. १७ ऑक्टोबर २०१५ ही तारीख ठरवून, तिच्या नंतरच्या सगळ्या प्रवासाची विक्री त्यांनी नव्वद दिवस आधीच एका यंत्रणेत वळवली, म्हणजे जुन्या यंत्रणेतली आरक्षणे टाकीतले पाणी उतरावे तशी आपोआप संपत गेली. विस्ताराने ३ सप्टेंबरपासून पुढची विक्री थांबवली, ती याच पद्धतीने. माझ्या मते हा शहाणपणाचा मार्ग आहे. पण ज्यांची तिकिटे त्या तारखेच्या आधीच निघालेली आहेत आणि ज्यांचा प्रवास १२ नोव्हेंबरच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे, त्या आपल्यासारख्या प्रवाशांची आरक्षणे एका यंत्रणेतून दुसरीत हलवावी लागतात आणि आपण लक्ष ठेवायचे ते नेमके तिथे.

आपण करावे असे मला वाटते ते असे. दुकानदारांना सांगावे की दिल्ली–पुणे हे सुटे तिकीट रद्द करा आणि मुख्य तिकीट ‘री-इश्यू’ करून, म्हणजे तेच तिकीट बदलासह नव्याने काढून, परतीचा प्रवास फ्रँकफुर्ट–दिल्ली–पुणे असा एकाच तिकिटावर घ्या. भाड्यातला फरक भरावा लागेल. हे काम ६ नोव्हेंबरच्या आत व्हायला हवे, कारण जाण्याची कूपने एकदा वापरली गेली की तिकीट अर्धवट वापरलेले ठरते आणि त्यात टप्पा वाढवणे फार किचकट होते. सुटे तिकीट सवलतीचे असले आणि त्याचे मूळ भाडे परत मिळणार नसले, तरी विमानतळाचे शुल्क आणि कर परत मिळतात. ते मागून घ्यावे, कारण न मागता ते क्वचितच परत येतात.

दिरांविषयी उद्या लिहितो. आपल्या दोन्ही कागदांवरचे तिकीट क्रमांक कोणत्या आकड्यांनी सुरू होतात तेवढे कळवा. पूर्ण क्रमांक इथे लिहू नका.

मिरज_जंक्शन — १५ सप्टेंबर २०२४

यवतेश्वर काकांनी लिहिले आहे ते अक्षरशः भोगलेली मी एक आहे, म्हणून अनुभव सांगते. कंपनीचे नाव लिहीत नाही. प्रसंग परदेशातला आहे आणि काही वर्षांपूर्वीचा आहे. तिथेही दोन कंपन्या एक होत होत्या आणि आमची दोघांची आरक्षणे जुन्या यंत्रणेतून नवीत हलवलेली होती. ई-मेल आला होता, त्यात नवा पीएनआर होता, दोघांची नावे होती, आसनेही होती. आम्ही निर्धास्त होतो.

काउंटरवर ह्यांचा बोर्डिंग पास लगेच निघाला, माझा निघेना. त्या मुलीने तीनदा प्रयत्न केला, मग पडदा थोडा माझ्याकडे वळवून बोट ठेवले. माझ्या नावासमोर आसन होते, जेवणाची नोंद होती आणि तिकिटाचा रकाना रिकामा होता. आरक्षण हलवताना आमच्या एका पीएनआरचे दोन झाले होते, ह्यांचे तिकीट त्यांच्या आरक्षणाबरोबर गेले होते आणि माझे जुन्या विमान-क्रमांकाला चिकटून मागेच राहिले होते. म्हणजे विमानात माझी जागा होती, पण ती जागा वापरण्याचा परवाना मात्र नव्हता. दूरध्वनी लावून ते जोडून घेण्यात पन्नास मिनिटे गेली आणि दार बंद झाले. ह्यांना चढू दिले असते, पण ते कसले एकटे जातात! दुसऱ्या दिवशीच्या विमानाने गेलो.

त्या पन्नास मिनिटांत कामी आली ती एकच गोष्ट : पहिल्या खरेदीची पावती मी छापून ठेवलेली होती आणि तिच्यावर तेरा आकडी क्रमांक होता. तो नसता तर त्या मुलीला जुने तिकीट शोधताच आले नसते, असे तिनेच सांगितले. तेव्हापासून मी ‘आरक्षण निश्चित’ या शब्दांवर विश्वास ठेवत नाही. ‘तिकीट निघाले आहे का आणि त्याचा क्रमांक काय’ एवढेच विचारते, प्रत्येक प्रवाशाचे वेगळे विचारते.

विश्रामबागकर — १६ सप्टेंबर २०२४

आपणा दोघांचे मनापासून आभार. पहिल्या कागदावरचा क्रमांक २२८ ने आणि दुसऱ्यावरचा ०९८ ने सुरू होतो. गंमत अशी की चार महिने हा कागद देवघराच्या फडताळात होता आणि त्यावरचा तो आकडा मी एकदाही वाचला नव्हता. विद्यार्थ्यांना मात्र ‘प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा’ असे पस्तीस वर्षे सांगत आले.

आज दुकानात जाऊन आले. त्यांचे म्हणणे असे की सगळेच रद्द करून नव्याने एअर इंडियाचे जाण्या-येण्याचे तिकीट काढावे, म्हणजे ‘कटकट मिटेल’. त्यात जाण्याचे विमानही बदलेल आणि दिवाळीच्या आठवड्यातले भाडे आजच्या दराने भरावे लागेल. फरक भरून री-इश्यू करणे शक्य आहे का, हे विचारल्यावर ते ‘बघतो’ म्हणाले. हा ‘बघतो’ कितपत खरा समजावा?

शिवाय चाकाच्या खुर्चीची नोंद नव्या तिकिटात आपोआप येते का, हेही त्यांना नक्की सांगता आले नाही.

यवतेश्वर — १६ सप्टेंबर २०२४

‘बघतो’ याचा अर्थ बहुधा त्यांना कंपनीच्या विक्री-विभागाशी बोलावे लागेल आणि त्यात त्यांचा अर्धा दिवस जाईल, एवढाच आहे. सगळे रद्द करून नवे काढणे त्यांना सोपे पडते, कारण ते त्यांच्या संगणकावर पाच मिनिटांत होते. आपण त्यांना आग्रहाने, पण गोडीने सांगावे की जाण्याच्या प्रवासाला हात लावू नका. तो ११ नोव्हेंबरच्या आतला आहे, पुणे–दिल्ली–फ्रँकफुर्ट एका तिकिटावर आहे आणि त्यात काहीच दुरुस्त करण्यासारखे नाही. प्रश्न आहे तो परतीचा.

दुसरी एक सूचना. परतीच्या प्रवासाची वेळ किंवा क्रमांक बदलल्याचा निरोप कंपनीकडून आला आणि त्यात ‘मान्य’ असे बटण असले, तर ते लगेच दाबू नये. कंपनीने स्वतःहून केलेला बदल आपल्याला मान्य नसेल, तर पर्यायी विमान मागण्याचा आपला हात वर असतो. एकदा ‘मान्य’ म्हटले की पुढचा प्रत्येक बदल आपल्या इच्छेने केलेला, म्हणजे सशुल्क ठरू शकतो. असा निरोप आला तर तीच वेळ दिल्ली–पुणे टप्पा जोडून मागण्याची उत्तम संधी आहे.

खुर्ची, मधुमेहाचे जेवण, निवडलेली आसने या सगळ्या नोंदी तिकिटाचा भाग नसतात, त्या आरक्षणाला टाचणीने लावलेल्या चिठ्ठ्यांसारख्या असतात. आरक्षण हलले की चिठ्ठ्या गळतात. प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र नोंद आहे का, हे विचारावे. पुण्याला खुर्ची मिळाली आणि दिल्लीत मिळाली नाही, असे मी पाहिलेले आहे.

आता आपल्या दिरांविषयी. त्यांना जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकाच कागदावर हवे, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. जाताना आपल्याच विमानांचे, विस्ताराचे पुणे–दिल्ली–फ्रँकफुर्ट असे एकेरी तिकीट आणि येताना एअर इंडियाचे फ्रँकफुर्ट–दिल्ली–पुणे असे दुसरे एकेरी तिकीट, हे पूर्णपणे सुरक्षित आहे, फक्त महाग पडत नाही ना ते पाहावे. जपायचे ते एवढेच की एका दिशेच्या प्रवासातले दोन टप्पे दोन तिकिटांवर नसावेत. दोन दिशा दोन तिकिटांवर असल्याने काही बिघडत नाही. उलट एका तिकिटातले पहिले विमान चुकले तर पुढची सगळी कूपने, परतीचीसुद्धा, यंत्रणा रद्द करून टाकते, तो धोका दोन तिकिटांत टळतो. मात्र एकेरी तिकीट घेऊन निघालेल्या पाहुण्याला तिथले अधिकारी परतीचे तिकीट विचारतात, म्हणून दुसऱ्या तिकिटाची छापील प्रत हातातल्या पिशवीत असावी, मोठ्या बॅगेत नको.

गणेशदुर्ग (सांगली) — १७ सप्टेंबर २०२४

मी वकिली करतो, त्यामुळे नियमांपुरते लिहितो.

आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत, विमान रद्द झाले किंवा वेळेत कळवले नाही तर काय द्यायचे हे सांगताना, जोडविमान चुकलेल्या प्रवाशांचाही उल्लेख आहे, पण तिथे शब्द आहेत ‘एकाच तिकीट क्रमांकावर’ घेतलेले जोडविमान. यवतेश्वर जे काउंटरच्या भाषेत सांगत आहेत, तेच तिथे कायद्याच्या भाषेत आहे. दोन तिकिटांचा प्रवासी त्या वाक्यात बसत नाही, मग दोन्ही विमानांच्या शेपटीवर एकच चिन्ह का असेना.

परतीच्या प्रवासाला याशिवाय युरोपीय संघाचा नियम लागू होतो, कारण युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो लागू आहे. भारतातून युरोपात जाणाऱ्या भारतीय कंपनीच्या विमानाला मात्र नाही. साडेतीन हजार किलोमीटरहून लांबच्या प्रवासात कंपनीच्या चुकीने मोठा उशीर झाला, तर प्रत्येक प्रवाशाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. उशीर मोजला जातो तो शेवटच्या मुक्कामावर, आणि शेवटचा मुक्काम कोणता हे आरक्षणावरून ठरते. एकाच आरक्षणात पुणे असेल तर पुण्याला पोहोचण्याचा उशीर मोजतात. सुटे तिकीट असेल तर दिल्लीचा. दिल्लीला दीड तास उशिरा उतरलात आणि त्यामुळे पुण्याला सहा तास उशिरा पोहोचलात, तर या दोहोंमधला फरक किती मोठा आहे ते आपल्या लक्षात येईल. धुक्यामुळे किंवा वादळामुळे झालेल्या उशिराला भरपाई मिळत नाही, जेवण आणि मुक्कामाची सोय मात्र करावी लागते.

आणखी एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. आपला व्हिसा पाहुण्यांचा असेल, तर शेंगेन देशांत, म्हणजे जर्मनीसह एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि येण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजतात. ६ नोव्हेंबरला पोहोचलात तर ३१ जानेवारी हा ८७ वा दिवस होतो. म्हणजे आपल्याकडे फक्त तीन दिवस शिल्लक आहेत. विलीनीकरणात परतीचे विमान कंपनीने पुढच्या आठवड्यात ढकलले आणि आपण ‘ठीक आहे’ म्हणालात, तर ३ फेब्रुवारीनंतरचा प्रत्येक दिवस बेकायदा मुक्काम ठरेल. बदल स्वीकारायचा झाला तर आधीच्या तारखेचा स्वीकारा. व्हिसाच्या चिकटपट्टीवर लिहिलेले दिवस आणि तारखाही पाहून घ्या, त्या ९० पेक्षा कमी असू शकतात.

तिकीट दुकानातून घेतले आहे म्हणून परताव्यासाठी कंपनीने दुकानाकडे बोट दाखवले, तर ते ऐकून घेऊ नका. दुकानदार हा कंपनीने नेमलेला प्रतिनिधी असतो आणि परताव्याची जबाबदारी कंपनीचीच आहे, असे त्याच महासंचालनालयाचे नियम सांगतात. २०२४ सालच्या नियमांत ही मुदत ३० कामकाजाच्या दिवसांची आहे.

बेदाणेवाला (तासगाव) — १७ सप्टेंबर २०२४

मला यातले कायदे कळत नाहीत, पण मी वर्षातून दोनदा बेदाण्याच्या व्यवहारासाठी बाहेर जातो आणि एक साधा नियम पाळतो : जोडविमानच घ्यायचे नाही. रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये झोपायचे, सकाळी मुंबईत उतरायचे आणि मुंबईहून थेट विमान पकडायचे. कोणत्या कंपनीचे कोणाशी लग्न लागते आहे, याच्याशी आपला संबंधच राहत नाही.

दुसरे, वजनाकडे लक्ष द्या. सुट्या देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलोच सामान नेता येते. एकाच तिकिटावर असाल तर आंतरराष्ट्रीय वजन शेवटपर्यंत चालते. बाळंतपणाला जाताना डिंकाचे लाडू, हळद आणि भडंग नेणार आणि येताना लेक रिकाम्या हाताने पाठवणार नाही. मी बॅगा घरच्या काट्यावर न मोजता गोदामातल्या काट्यावर ठेवतो, तो खोटे बोलत नाही.

यवतेश्वर — १७ सप्टेंबर २०२४

बेदाणेवाल्यांचा वजनाचा मुद्दा माझ्याकडून राहूनच गेला होता आणि तो पैशाचा आहे. जादा किलोचे दर पाहिले तर री-इश्यूचा खर्च तिथेच वसूल होऊ शकतो. मुंबईचा सल्लाही चांगला आहे, पण तो तिकीट काढण्याआधीचा. शिवाय शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याने पहाटे गाडीतून सामान उतरवायचे, टॅक्सी करायची आणि मग दिवसभर विमानाची वाट पाहायची, त्यापेक्षा ताईंनी घरून मोटारीने निघून वाटेत साताऱ्याला दिरांना घ्यावे आणि पुणे गाठावे, हे मला अधिक बरे वाटते. कराडला उड्डाणपुलाचे काम चालू आहे, तेवढा वेळ हिशेबात धरा. पुण्याच्या विमानतळाची नवी इमारत जुलैत सुरू झाली आहे, आपले विमान नव्या इमारतीतून आहे की जुन्या, हे आदल्या दिवशी पाहून घ्या.

दिल्लीला परत उतरल्यावर काय होते, तेही लिहून ठेवतो. तिकीट एक असले तरी परदेशातून आल्यावर सामान साधारणपणे पहिल्या भारतीय विमानतळावर ताब्यात घेऊन सीमाशुल्कातून न्यावे लागते आणि मग पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावे लागते. त्यामुळे फ्रँकफुर्टला बॅगेच्या पट्टीवर ‘पुणे’ लिहिलेले असले, तरी दिल्लीत पट्ट्यावरची बॅग सोडून पुढे जाऊ नका. दोन तास चाळीस मिनिटे याला पुरतात, आरामात म्हणता येणार नाही. री-इश्यू करताना दिल्ली–पुणे टप्पा त्याच्या नंतरच्या विमानाचा मिळत असेल तर तो घ्यावा, असे मी सुचवीन.

विश्रामबागकर — २९ सप्टेंबर २०२४

काम झाले, म्हणून कळवते. दुकानदारांनी चार-पाच दिवस लावले, पण री-इश्यू करून दिले. भाड्यातला फरक दोघांचा मिळून सात हजार सहाशे रुपये झाला, सुट्या तिकिटांचे कर परत येणार आहेत. नवा कागद मी या वेळी दुकानातच, त्यांच्या समोर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. परतीचे दोन्ही टप्पे एका क्रमांकाखाली आहेत, तो ०९८ ने सुरू होतो आणि आम्हा दोघांचे क्रमांक वेगवेगळे आहेत. जाण्याचे दोन टप्पेही जसेच्या तसे आहेत. दिल्लीत आता चार तास दहा मिनिटे आहेत. खुर्चीची नोंद परतीच्या टप्प्यांवर नव्हती, ती विचारल्यावर घातली.

दिरांनी दोन एकेरी तिकिटे घेतली. त्यांनी मला विचारले की वहिनी, हे सगळे तुम्हाला कोणी शिकवले.

मिरज_जंक्शन — २९ सप्टेंबर २०२४

वा! आता १२ नोव्हेंबर उलटल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर दोघांचेही तिकीट एकदा उघडून पाहा. पीएनआर चालतो की नाही एवढेच नको, क्रमांक जुळतो का ते पाहा.

विश्रामबागकर — १४ नोव्हेंबर २०२४, डार्मश्टाटहून

मिरजेच्या ताईंच्या सांगण्याप्रमाणे काल जावयांच्या संगणकावर पाहिले. पुणे ते फ्रँकफुर्ट प्रवास सुरळीत झाला होता. पुण्याला दोन-दोन बोर्डिंग पास एकदमच हातात आले आणि सामान दिल्लीत दिसलेही नाही, ते थेट इथे पट्ट्यावर भेटले. परतीच्या विमानाचा क्रमांक आता ‘एआय’ आणि पुढे २ ने सुरू होणारे चार आकडे असा आहे. विस्ताराकडून आलेल्या विमानांना असेच क्रमांक दिले आहेत, असे जावयांनी वाचून दाखवले. तिकीट क्रमांक माझ्याकडच्या कागदाशी आकडा-आकडा जुळवला, माझाही आणि ह्यांचाही. खुर्ची दोन्ही टप्प्यांवर दिसते आहे. तारीख ३१ जानेवारीच आहे.

डिंकाचे लाडू अख्खे पोहोचले, भडंगाचा मात्र चुरा झाला. बेदाणेवाले, आमच्या घरच्या काट्याने २२ किलो ४०० ग्रॅम दाखवलेली बॅग पुण्याला २३ किलो ९०० ग्रॅम भरली. तिथेच उघडून हळदीचे दोन पुडे दिरांच्या पिशवीत टाकावे लागले.